लोकेशन फक्त मुलींचंच का?

‘लोकेशन पाठव’ हे दोन शब्द आता आपल्या घरात ‘जेवलीस का?’ इतकेच सवयीचे झालेत. मोबाइलमधला नकाशा फार कामाचा आहे, हे मी आधीच मान्य करते. परगावी स्कूटी घेऊन गेलं तर पत्ता विचारायला पानटपरीवरच्या घोळक्यापाशी थांबावं लागत नाही, हे सुख बाईलाच कळतं! रात्रीच्या एसटीने लेक एकटी येत असेल तर गाडी कुठवर आली ते दिसतं आणि आईचा जीव भांड्यात पडतो.

पण मैत्रिणींनो, एक गोष्ट मला खटकते. हे लोकेशन घरात मागितलं कुणाकडे जातं? कॉलेजला जाणाऱ्या मुलीकडे आणि नव्या सुनेकडे. तिचा भाऊ रात्री अकराला घरी येतो, त्याला कुणी हूं की चूं करत नाही. नवरा कुठे आहे हे बायकोला फोन करूनच विचारावं लागतं, आणि तेही ‘कामात आहे’ एवढ्या उत्तरावर भागवावं लागतं. तिने मात्र दिवसभर दिसत राहायचं. वर संध्याकाळी उलटतपासणी, ‘बाजारात अर्धा तास एकाच जागी काय करत होतीस गं?’

आता तिथे रेशनची रांग होती की वाटेत जुनी मैत्रीण भेटली, हे नकाशा थोडंच सांगतो? तो नुसता ठिपका दाखवतो आणि तोही दर वेळी बरोबर नसतो. उंच इमारतींच्या दाटीत किंवा बंद खोलीत उपग्रहाचा सिग्नल नीट मिळत नाही, मग ठिपका पलीकडच्या गल्लीत सरकतो. रेंज गेली तर जुन्याच जागी अडकून बसतो. अशा ठिपक्यावरून कुणाच्या चारित्र्यावर शंका घ्यायची म्हणजे कमालच झाली!

तुम्हाला एक निकाल सांगते. अमली पदार्थांच्या गुन्ह्यातल्या एका आरोपीला जामीन देताना अट घातली होती, की गूगल मॅपवर त्याची जागा तपास अधिकाऱ्याला दिसली पाहिजे. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अट काढून टाकली. आरोपीच्या हालचालींवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी अट घालता येणार नाही, त्याने खासगीपणाच्या हक्काला बाधा येते, असं न्यायालय म्हणालं. जी मोकळीक जामिनावरच्या आरोपीला आहे, ती आपल्या पोरीबाळींना घरात नसावी?

काळजी करू नका, असं मी म्हणत नाही. दिवस कसे आहेत ते आपल्याला ठाऊक आहे. पण काळजीला वेळेची मर्यादा असते, पाळतीला नसते. व्हॉट्सअॅपवर २०१७ साली लाइव्ह लोकेशन आलं, तेव्हापासून त्यात पंधरा मिनिटं, एक तास आणि आठ तास असे तीनच पर्याय आहेत. प्रवासापुरतं चालू करावं, पोचलं की बंद. आणि मागायचं तर सगळ्यांकडे मागावं. मुलीचं दिसतं तर मुलाचंही दिसू दे, सुनेचं दिसतं तर सासऱ्यांचंही!

आणखी एक काम आजच करा. गूगल मॅपमध्ये आपल्या फोटोवर बोट ठेवून ‘लोकेशन शेअरिंग’ उघडा. आपण कुणाकुणाला दिसतोय ते तिथे कळतं. नको असलेलं नाव दिसलं तर काढून टाका. बऱ्याचजणींचा फोन नवरा नाहीतर मुलगा सुरू करून देतो, त्यामुळे हे बघायचं राहूनच जातं. आणि लेकीला हेही बजावून ठेवा, की खरंच संकट आलं तर ठिपक्याच्या भरवशावर राहू नकोस, सरळ ११२ लाव.

ज्या घरात ‘आई, मला उशीर होतोय, घ्यायला ये’ असा फोन लेक न घाबरता करू शकते, तिथे तिच्यावर चोवीस तास डोळा ठेवायची गरज पडत नाही. उलट जिला पाळतीची भीती वाटते, ती फोन मैत्रिणीच्या घरी ठेवून जायला शिकते. मग नकाशावर ठिपका दिसतो, आणि मुलगी कुठे आहे हे कुणालाच माहीत नसतं. यातलं कोणतं घर आपलं असावं, ते तुम्हीच ठरवा.