भाड्याचे चार महिने वाचवू नका

आयर्लंडमध्ये घर घेऊ पाहणारी आपल्याकडची तरुण जोडपी हल्ली एका नव्या वाटेचा विचार करू लागली आहेत. नवे घर आवाक्यात येत नाही, म्हणून बरीच वर्षे बंद पडलेले जुने घर घ्यायचे, सरकारी अनुदान मिळवायचे आणि ते दुरुस्त करून राहायला जायचे. वाट चांगली आहे. २०२२ च्या जनगणनेत सुट्टीची घरे सोडूनही १,६६,७५२ घरे या देशात रिकामी आढळली. आम्ही दोघेही याच वाटेने गेलो. त्यातून माझे एक ठाम मत झाले आहे, ते येथे मांडते. ज्या महिन्यांत घर उकरले, फोडले आणि घासले जाते, त्या महिन्यांत त्या घरात संसार मांडू नये. भाडे वाचते म्हणून तर मुळीच नाही.

आपल्या मराठी मनाला हे पटणे अवघड जाते. एकीकडे बँकेचा हप्ता आणि दुसरीकडे भाडे, ही उधळपट्टी वाटते. माझे सासरे गिरगावातल्या चाळीत वाढले. ते फोनवर म्हणाले, "एका खोलीत दहा माणसे राहिलो आम्ही. तुम्हा दोघांना एक खोली पुरत नाही?" इथल्या मित्रमंडळींचेही हेच मत होते. खालची एक खोली ठेवा, प्लास्टिकचा पडदा लावा, सहा महिने कसेही निघतील. बाबांना मी इतकेच म्हटले की, चाळीत गर्दी होती, पण शिशाची धूळ नव्हती. आणि आमच्याकडे तेव्हा बाळाची चाहूल लागलेली होती.

आमचे घर ड्रॉहेडामध्ये, विटांचे, रांगेतले, शंभर वर्षांपेक्षा जुने. मालकीणबाई वृद्धाश्रमात गेल्यापासून तीन वर्षे कुलूप होते. अशा घरात काय काय दडलेले असते याची आधी यादी देते, म्हणजे माझा आग्रह कशासाठी आहे ते कळेल.

पहिली गोष्ट जुन्या रंगाची. १९७० पूर्वीच्या घरांत दारे, चौकटी, जिन्याचे कठडे यांवर शिशाचा रंग असण्याची बरीच शक्यता असते. रंग भिंतीवर घट्ट बसलेला आहे तोवर फारसे बिघडत नाही. पॉलिश पेपरने कोरडाच घासला किंवा गरम हवेच्या बंदुकीने जाळून काढला, की तेच शिसे धूळ आणि वाफ होऊन घरभर पसरते. गर्भवती स्त्रिया आणि लहान मुले यांना याचा धोका सर्वांत जास्त, कारण शिसे वाढत्या मेंदूवर परिणाम करते. रंग ओला करून घासणे, खोली बंद ठेवणे, ओल्या फडक्याने पुसणे हे उपाय आहेतच. पण ज्या घरात रात्री झोपायचे आणि सकाळी भाकरी भाजायची, तिथे ते पुरेसे पाळले जात नाहीत.

दुसरी गोष्ट पाण्याच्या नळाची. १९७० च्या दशकापर्यंत इथे शिशाचे नळ सर्रास वापरले जात. पिण्याच्या पाण्यातील शिशाची मर्यादा सध्या एका लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. आपल्याकडे पाणी उकळले की ते शुद्ध झाले असे मानतात. उकळल्याने जंतू मरतात, शिसे जात नाही. पाण्याची तपासणी करून नळ बदलणे हाच खरा मार्ग. नळ बदलण्यासाठी कौन्सिलमार्फत वेगळे अनुदान असते, त्याची चौकशी अवश्य करावी.

तिसरी गोष्ट अ‍ॅस्बेस्टॉसची. आमच्या मागच्या अंगणातल्या कोळशाच्या खोपटावर पन्हळी पत्रे होते. माझा नवरा पाहताक्षणी म्हणाला, "हे तर आपले सिमेंटचे पत्रे!" आपल्याकडे गोठ्यावर, पडवीवर असे पत्रे इतके पाहिलेले असतात की त्यांची भीतीच वाटत नाही. ते फोडले, कापले किंवा घासले की त्यातले तंतू हवेत उडतात, फुप्फुसात बसतात आणि अनेक वर्षांनी आजार उद्भवतो. २००० पूर्वीच्या घरात असे पत्रे, जुन्या फरशीच्या टाइल्स किंवा छतावरचा खरबरीत लेप दिसला तर हातोडी उचलण्याआधी जाणकाराकडून तपासून घ्या. शनिवारी मित्रांना बोलावून तोडफोड करण्याचे हे काम नव्हे.

चौथी गोष्ट राडॉन वायूची. याला रंग नाही, वास नाही. तो जमिनीतून घरात शिरतो आणि दीर्घकाळ श्वासात गेला तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, सांगते की आयर्लंडमध्ये वर्षाला सुमारे ३५० फुप्फुसाच्या कर्करोगांचा संबंध राडॉनशी आहे. घरासाठीची मर्यादा घनमीटरला २०० बेक्वेरेल. ईपीएच्या नकाशावर आपला भाग पाहता येतो. तपासणी सोपी असते, दोन लहान डब्या तीन महिने घरात ठेवायच्या. जमीन उकरायचीच असेल तर राडॉनचा पडदा आणि खालचा संप त्याच वेळी घालून घ्यावा, नंतर पुन्हा फरशी फोडणे परवडत नाही. राहायला गेल्यावर तपासणी मात्र करावीच.

पाचवी गोष्ट ओलीची. शंभर वर्षांपूर्वीच्या भरीव भिंतींना चुन्याचा गिलावा असे. पुण्याच्या जुन्या वाड्यांनाही तो असे. चुना ओल शोषतो आणि परत बाहेर सोडतो. नंतरच्या मालकांनी त्यावर सिमेंट थापलेले असते, त्यामुळे ओल आत कोंडते, पोपडे सुटतात, बुरशी धरते. पोपड्यांवर रंगाचा हात मारून हे बरे होत नाही. पन्हाळी, छप्पर, बाहेरच्या जमिनीची उंची हे आधी पाहावे लागते, आणि भिंत सुकायला वेळ द्यावा लागतो. तो वेळ आपण ओलसर खोलीत झोपून काढायचा का, हा प्रश्न आहे.

आता पैशांकडे वळू. आरोग्य ठीक, पण परवडायला हवे ना, असे वाचक म्हणतील. आमचेच आकडे देते.

घर २ लाख ८० हजार युरोंचे. पहिले घर घेणाऱ्यास बँक ९० टक्क्यांपर्यंत आणि साधारणपणे उत्पन्नाच्या चौपटीपर्यंत कर्ज देऊ शकते. म्हणजे २ लाख ५२ हजारांच्या कर्जाला दोघांचे मिळून निदान ६३ हजार उत्पन्न हवे. पदरचे २८ हजार, एक टक्का स्टॅम्प ड्युटीचे २,८००, शिवाय वकील आणि घराची पाहणी. तीस वर्षांच्या कर्जाचा पावणेचार टक्क्यांनी हप्ता महिना सुमारे १,१६७. 'हेल्प टू बाय' योजना नव्या घरांसाठी आहे, जुन्या घराला ती लागू नाही, हे लक्षात ठेवावे.

दुरुस्तीचे कोटेशन ६८ हजार आले. त्यात व्हॅट धरला आहे का, हे आम्ही लेखी विचारले. धरला नव्हता. १३.५ टक्क्यांनी ९,१८० वाढले. त्यावर १५ टक्के गंगाजळी बाजूला ठेवली, कारण जुन्या घरात फळ्यांखाली काय निघेल ते फळ्या काढल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे कुजलेल्या तुळया निघाल्या. एकूण जवळपास ८९ हजारांची तयारी ठेवावी लागली.

आता भाडे. आमचा फ्लॅट महिना १,७५० ला होता. घर रिकामे मिळाले तर धुळीचे काम चार महिन्यांत होईल, असे ठेकेदार म्हणाला. आम्ही आत राहिलो तर तेच काम सात महिने चालणार होते, कारण एकेक खोली रिकामी करून द्यायची आणि रोज संध्याकाळी पाणी आणि वीज परत सुरू करायची. त्यासाठी तो ६ हजार जास्त मागत होता. चार महिन्यांचे भाडे ७ हजार. म्हणजे सात महिने धुळीत राहून वाचणार होते ते एक हजार युरो! प्रत्येकाचा हिशोब असाच येईल असे नाही, पण ठेकेदाराकडून दोन्ही आकडे मागून घ्या. बहुतेक जण एकच आकडा मागतात आणि भाडे वाचले असे समजतात.

अनुदानाविषयीही स्पष्ट बोलायला हवे. रिकाम्या घरांच्या दुरुस्तीची 'क्री कोनाहे' योजना २०२२ मध्ये सुरू झाली. मे २०२३ पासून रिकाम्या घरासाठी ५० हजारांपर्यंत आणि मोडकळीस आलेल्या घरासाठी ७० हजारांपर्यंत रक्कम मिळू शकते. घर २००७ पर्यंत बांधलेले आणि किमान दोन वर्षे रिकामे असावे लागते. मंजुरीपूर्वी काम सुरू केले तर ते धरले जात नाही. घराचा सौदा चालू असल्याचा पुरावा देऊनही अर्ज करता येतो. आम्ही तसाच केला, त्यामुळे किल्ली मिळाल्यावर फार थांबावे लागले नाही. मुख्य म्हणजे पैसे काम पूर्ण होऊन पाहणी झाल्यावर मिळतात. तोवर ठेकेदाराची बिले आपणच भागवायची. आम्ही काही बचतीतून, काही क्रेडिट युनियनच्या कर्जातून भागवली. हातात न आलेल्या अनुदानावर स्वयंपाकघराची ऑर्डर देऊ नये. उष्णतारोधनासाठी एसईएआयची वेगळी अनुदाने आहेत, पण एकाच कामासाठी दोन्हीकडून पैसे मिळत नाहीत.

आणखी एक अट आपल्या लोकांनी विशेष वाचावी. अनुदान घेतल्यावर घर पाच वर्षांच्या आत विकले तर सर्व रक्कम परत, पाच ते दहा वर्षांत विकले तर पाऊण रक्कम परत. 'दोन-चार वर्षांनी पुण्याला परत जायचे की इथेच राहायचे' हा प्रश्न ज्यांच्या घरात रोज रात्री जेवताना निघतो, त्यांनी सही करण्याआधी त्याचे उत्तर शोधावे. आम्ही एक रविवार त्यासाठीच दिला, दोन्हीकडच्या आईवडिलांशी बोललो, आणि दहा वर्षे इथेच असे ठरवले.

रोजचे जीवन कसे होते, असेही पुष्कळ जण विचारतात. त्या चार महिन्यांत नवरा सकाळी डब्लिनची गाडी पकडायचा, मी घरून काम करायची. संध्याकाळी तो स्टेशनवरून परस्पर घर पाहून यायचा. त्याचे जोडे आणि अंगावरचे कपडे दाराशीच राहायचे. घासकाम चालू असेल त्या दिवशी मी तिकडे जायचे नाही, असा नियम. बाकी दिवशी मी कामगारांसाठी चहा घेऊन जाई. चहाबरोबर चार प्रश्न विचारता येतात, जे फोनवर विचारले जात नाहीत. प्लगांची संख्या, नळांची जागा, टाइल्स यांवरून आमची भांडणे झाली, नाही असे नाही. मग एक वही केली. ठरलेले त्यात लिहायचे, आणि रविवारी घराचा विषय काढायचा नाही. पण दिवस संपला की परतायला कोरडी, स्वच्छ खोली होती, कुकर लावायला ओटा होता, झोप होत होती. दोन्ही नोकऱ्या सांभाळून डोके शांत राहिले ते त्यामुळे.

धुळीची, विजेची, नळांची आणि फरशीची कामे संपल्यावर, नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन आणि गॅसवाल्याची प्रमाणपत्रे हातात आल्यावर आम्ही राहायला गेलो. स्वयंपाकघर अजून नव्हते. पुढचे दोन महिने पुढच्या खोलीत इंडक्शन शेगडी आणि भाताचा कुकर, भांडी न्हाणीघरात. ही गैरसोय होती, अपाय नव्हता, आणि या दोहोंत फरक करायला शिकले पाहिजे. तिथेही काळजी घ्यावी लागते. पंखा नसताना वरण उकळले की खिडक्यांवर पाणी धरते, बंद खोलीत कपडे वाळत घातले की कोपऱ्यात बुरशी येते. भांड्यावर झाकण, खिडकीला फट, आणि हवेतला ओलावा काढणारे छोटे यंत्र एवढ्यावर आमचे भागले. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र पहिल्या दिवसापासून हवा.

म्हणून कामाचा क्रम असा असावा : आधी कोरडे, मग सुरक्षित, मग उबदार, आणि शेवटी देखणे. पैसे कमी पडले तर शेवटचे पुढे ढकला. ओटा साधा चालतो, भिंतीचा रंग वर्षभर थांबतो. वास्तुशांतीला आलेले पाहुणे टाइल्सचे कौतुक करतील, वायरिंगचे कोणी करणार नाही, हे मान्य करूनच खर्च करावा.

ज्यांना चार महिनेही दोन्ही खर्च झेपत नाहीत, त्यांनी निदान रंग घासणे आणि फरशी उकरणे हे आठवडे तरी बाहेर काढावेत. इथे मंडळाला एक सुचवावेसे वाटते. आपल्यात मोठ्या घरांची, मुले शिकायला बाहेर गेलेली कुटुंबे आहेत. राहत्या घरातली खोली भाड्याने दिली तर वर्षाला १४ हजार युरोंपर्यंतच्या उत्पन्नावर इथे प्राप्तिकर लागत नाही. (पूर्ण वर्षाची रक्कम त्याहून वर गेली तर मात्र सगळ्यावर कर बसतो, आणि उत्पन्न विवरणपत्रात दाखवावे लागते.) अशा खोल्यांची यादी मंडळाने ठेवली तर देणाऱ्याला चार पैसे मिळतील आणि एखाद्या नव्या जोडप्याचे, त्यांच्या येणाऱ्या बाळाचे, ते चार महिने स्वच्छ हवेत जातील. आमचे बाळ आता आठ महिन्यांचे आहे आणि त्याच घरात रांगते. कोणाला हिशोबाची वही पाहायची असेल तर मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात जरूर भेटा, मी सोबत घेऊन येईन.