तुकाराम कुणी करायचा?

'स्टार वॉर्स' या परग्रहांवरच्या चित्रपटमालेत २०१५ साली जॉन बोयेगा हा कृष्णवर्णीय नट नायक झाला, तर काही गोऱ्या चाहत्यांनी बहिष्काराची हाक दिली. केसाळ प्राणी अवकाशयान हाकतो ते यांना चालते. काळा माणूस चालत नाही!

हसू नका. आपल्याच देशात, २०१६ साली, नवाजुद्दीन सिद्दीकीला स्वतःच्या बुढाणा गावच्या रामलीलेत मारीच करू दिला नाही. मारीच म्हणजे राक्षस. तोही मुसलमानाने करायचा नाही!

आम्हा पुणेकरांना हे जास्तच लागते. 'प्रभात'ने याच शहरात 'संत तुकाराम' (१९३६) काढला. त्याच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक शेख फत्तेलाल. १९४० साली ज्ञानेश्वर झाले ख्रिस्ती घरातले शाहू मोडक. १९४१च्या 'पडोसी'त हिंदू ठाकूर केला मजहर खानने, मिर्झा केला गजानन जागीरदारांनी. कुणाचा धर्म बुडाला?

पण आरसा आपणही पाहावा. उर्दू शाळेतल्या पोराने गॅदरिंगला तुकाराम करायचे म्हटले, की मोहल्ल्यातलेच कुरकुरतात, 'हे आपले नव्हे.' मग त्या चाहत्यांत आणि आपल्यात फरक तो काय? पोराला तुकाराम करू द्या. टाळ आम्ही शिक्षक आणून देतो.