कांटा सांगतो तें आणि सांगत नाहीं तें

मोटारीच्या आंतल्या यंत्रांविषयीं या सदरांत कधीं लिहावें लागेल, असें मला वाटलें नव्हतें. माझा सारा जन्म मुलांकडून शब्दरूपें घोकून घेण्यांत गेला. परंतु गेल्या मार्गशीर्षांत माझ्या एका शब्दानें घरचें इंजिन बिघडलें. ज्याच्या हातून चूक झाली त्यानेंच तिचें प्रायश्चित्त घ्यावें, हा न्याय सरळ आहे. म्हणून हा लेख.

आम्ही खुलताबादचे. माझे धाकटे बंधू शेती पाहतात आणि त्यांचा मुलगा घरची डिझेलची पिकअप गाडी चालवितो. आमच्या भागांत आलें चांगलें होतें. त्याचीं पोतीं भरून गाडी संभाजीनगरास जाधववाडीच्या बाजारांत जाते आणि येतांना खत, सिमेंट, कधीं शेजाऱ्यांचें सामान घेऊन परत येते. जातांना उतार, येतांना चढ. दौलताबादचा किल्ला मागें पडला कीं घाट लागतो आणि भरलेल्या गाडीची खरी परीक्षा तेथें होते. गाडीचे बँकेचे हप्ते अद्याप फिटावयाचे आहेत, हेंही येथें सांगून ठेवतों.

त्या दिवशीं मी डोळे तपासून घेऊन त्याच गाडीनें परत येत होतों. मागें खताचीं पोतीं होतीं. घाटाच्या आरंभींच पुतण्या म्हणाला, "काका, कसलासा गोडसर वास येतो आहे. थांबूं का?"

मीं चष्मा सांवरला, त्याच्या समोरच्या तबकडीकडे पाहिलें आणि म्हणालों, "उष्णतेचा कांटा मधोमध आहे. वास बाहेरचा असेल. चल तूं, अंधार पडतो आहे."

वडील माणसानें सांगितलें म्हणून तो चालला. दुसऱ्या वळणावर कांटा थोडा खालींच उतरला. मला उलट समाधान वाटलें! तिसऱ्या वळणावर बॉनेटखालून वाफ निघाली, इंजिन कण्हलें आणि बंद पडलें. दुसऱ्या दिवशीं मिस्त्रींनीं उघडून दाखविलें: पाण्याच्या रबरी नळीस लहानशी चीर, पाणी सारें वाटेंत सांडलेलें, हेड वांकलेलें, गॅस्केट जळालेलें. दुरुस्तीस तीन आठवडे लागले. तेवढे दिवस भाड्याच्या गाडीनें माल गेला आणि हप्ता मात्र आपल्या तारखेस आला. बंधूंनीं मला एका शब्दानें विचारलें नाहीं. एकत्र कुटुंबांत न विचारलेला प्रश्न विचारलेल्यापेक्षां अधिक टोंचतो.

मीं मिस्त्रींना विचारलें, "कांटा खोटें कां बोलला?" ते म्हणाले, "गुरुजी, कांटा पाण्याची उष्णता सांगतो. पाणीच नाहीं, तर तो कोणाची सांगेल?"

या उत्तरानें मी वरमलों. न्यायशास्त्रांत धुरावरून अग्नीचें अनुमान शिकवितांना, धुक्यास धूर समजणाऱ्याची फजिती मीं मुलांस शेंकडों वेळां सांगितली होती. हेतूच खोटा असेल तर अनुमान टिकत नाहीं. पाण्यांत बुडून असणारा सेन्सर पाणी ओसरल्यावर उघडा पडतो आणि मग भोंवतालच्या हवेची किंवा वाफेची उष्णता सांगत राहतो. शेजारची धातू तापून लाल होण्याच्या बेतांत असली तरी त्यास तिचा पत्ता नसतो. पुतण्यास आलेला वास मात्र प्रत्यक्ष होता. रेडिएटरच्या पाण्यांत जें कूलंट घालतात त्यास गोडसर वास असतो, तें गरम होऊन गळूं लागलें कीं प्रथम नाकास कळतें.

आणखीही एक गोष्ट मिस्त्रींकडून समजली. अनेक गाड्यांत कारखान्यांतूनच अशी योजना असते कीं, पाणी ८० अंशांवर असो कीं शंभरीजवळ असो, कांटा मधोमध स्थिर राहावा. नाहीं तर किंचित् हालचालीनें लोक घाबरून तक्रार घेऊन येतात. तेलाचा तांबडा दिवा तर याहून उशिरा जागा होतो. गरम इंजिन सावकाश चालत असतां तेलाचा दाब साधारण एक बार आणि रस्त्यावर धांवतांना तीन-चार बार असावा, असा ढोबळ हिशेब आहे. दिवा लागतो तो बहुधा दाब अर्ध्या बारच्याही खालीं गेल्यावर. म्हणजे दिवा ही सूचना नव्हे. तो बहुतेक वेळां निकालच असतो.

इंजिन दुरुस्त झाल्यावर पुतण्यानें निळ्या-तांबड्या प्रकाशाचीं पांच मीटरें आणण्याचा बेत सांगितला. पूर्वीं मी त्यांस शोभेचे दागिने म्हणून हंसलों असतों. आतां हंसण्याचा अधिकार राहिला नव्हता. परंतु मास्तराची संवय सुटत नाहीं. मीं त्यास वहीचें एक कोरें पान दिलें आणि म्हटलें, "मीटरांचीं नांवें मागाहून लिही. आधीं आपल्या गाडीस कोणकोणते रोग होऊं शकतात तें लिही. ज्या रोगाची वर्दी आज कोणीच देत नाहीं, त्याचें मीटर पहिलें."

पानावर पहिला रोग अर्थात् उष्णतेचा आला. पाण्याचें आणखी एक मीटर लावून आमची फजिती टळली नसती. म्हणून पाण्याची नव्हे, तर हेडच्या धातूची उष्णता सांगणारें आणि ठरविलेला अंश ओलांडतांच बझर वाजविणारें मीटर निवडलें. त्याचा सेन्सर चकतीसारखा असून तो हेडवरील एखाद्या लहान बोल्टाखालीं दाबून बसवितात. ज्या मोठ्या बोल्टांनीं हेड आवळलेलें असतें त्यांस मात्र हात लावूं नये. त्यांचा ताण मोजून दिलेला असतो.

दुसरा रोग तेलाचा. दाब दाखविणारीं मीटरें दोन जातींचीं मिळतात. एकींत बारीक नळीनें गरम तेलच चालकाच्या समोर आणतात. दुसरींत इंजिनावर सेन्सर राहतो आणि आंत केवळ तार येते. नळी फुटली तर उकळतें तेल पायांवर सांडेल, म्हणून घरच्या गाडीस दुसरी जात बरी.

तिसरा रोग हवेचा. आजच्या डिझेल इंजिनांस टर्बो असतो; बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरानें फिरून तो आंत हवा दाबून भरतो. तिचा दाब दाखविणारें साधें मीटर विजेवांचून चालतें. जत्रेंत मुलें फुंकून सरळ करतात ती कागदी गुंडाळी आठवा. आंत दाब वाढला कीं वांकलेली चपटी नळी सरळ होऊं पाहते आणि कांटा फिरवते. युजेन बूर्दों या फ्रेंच कारागिरानें १८४९ सालीं या युक्तीचें पेटंट घेतलें. दाबाच्या कांट्यांत ती अजून चालू आहे. त्याच घाटांत, तेवढ्याच ओझ्यास, दाब नेहमींपेक्षां कमी पडूं लागला तर हवेचा फिल्टर तुंबला किंवा नळी सुटली असें समजावें.

चौथें मीटर धुराच्या उष्णतेचें. दोन निराळ्या धातूंच्या तारांचा सांधा तापविला कीं त्यांत विजेचा अल्पसा दाब उत्पन्न होतो, हें झेबेक यांनीं १८२१ सालीं दाखविलें. त्यावरच हें मीटर चालतें. टर्बोच्या अलीकडे धूर फार वेळ ७०० अंशांच्या पुढें राहूं देऊं नये, असा जाणत्यांचा सर्वसाधारण संकेत आहे. परंतु यासाठीं बिडाच्या मॅनिफोल्डला भोंक पाडून आटे पाडावे लागतात आणि बिडाचा एखादा कण टर्बोच्या पात्यांत गेला तर औषधापेक्षां दुखणें मोठें होतें. ज्यांनीं गाडीची शक्ति मुद्दाम वाढवून घेतली आहे त्यांस हें अवश्य हवें. आमच्या जशाच्या तशा गाडीस तें मीं नाकारलें. पुतण्या थोडा हिरमुसला, पण पटलें. पांचवें, बॅटरीचें, मीटर त्यानेंच खोडलें. तीन राहिलीं.

नव्या गाड्यांस डॅशबोर्डखालीं तपासणीचें एक सॉकेट असतें. त्यांत लहानसें यंत्र खोंचलें तर पाण्याची उष्णता व हवेचा दाब भोंक न पाडतांही आंकड्यांत दिसतो. ज्यांस थोडक्यांत भागवावयाचें त्यांनीं तेथून आरंभ करावा. मात्र तें यंत्र गाडीचेच सेन्सर वाचतें. पाणी गेल्यावर तेंही आमच्या कांट्याप्रमाणेंच फसतें. तेलाचा दाब तर बहुतेक गाड्यांत त्यास ठाऊकच नसतो.

बसविण्याचें काम मिस्त्री आणि वायरमन यांनीं केलें. मी स्टुलावर बसून पाहत होतों. जें पाहिलें तें वाचकांच्या उपयोगी पडावें म्हणून लिहितों. तेलाचा मूळ सेन्सर काढून टाकावयाचा नाहीं. मध्यें टी जोडून जुना आणि नवा दोन्ही ठेवावयाचे, म्हणजे तांबडा दिवाही शाबूत राहतो. आटे आधीं बोटांनींच बसवून पाहावे. एक सूत मापाच्या टोकांत एका पद्धतीचे इंचास २८ आणि दुसरीचे २७ आटे असतात. डोळ्यांस दोन्ही सारखेच. दोन फेरे बसतात, पुढें अडतें आणि जोर केला कीं टोक चिरतें. तार लोखंडी भिंतींतून आंत येते तेथें रबराची कडी हवीच, नाहीं तर खडखडाटानें तारेचें वेष्टण कापलें जातें. विजेच्या तारेंत लहान अंपिअरचा फ्यूज घालावा आणि किल्ली फिरविल्यावरच वीज मिळेल असा जोड घ्यावा. गाडी हमीच्या मुदतींत असेल तर मूळच्या तारेस कात्री लावण्यापूर्वीं विचारून घ्यावें.

मीटरें चालकाच्या उजव्या हाताच्या खांबावर बसविलीं. रस्ता झांकला जाणार नाहीं एवढ्या बेतानें. ज्या गाडींत त्या खांबांत हवेची उशी असते तेथें मात्र कांहीं लावूं नये. मिस्त्रींनीं तिन्ही तबकड्या थोड्या फिरवून अशा बसविल्या कीं सर्व कांहीं ठीक असतां तिन्ही कांटे सरळ वर पाहतात. आंकडे वाचण्याची गरजच नाहीं. जो वांकडा तो डोळ्यांत भरतो. वर्गांत ओळींत उभ्या मुलांपैकीं एक हलला कीं मास्तरांस दिसतो, त्याप्रमाणें.

मग मीं वही घातली. पहिला पंधरवडा पुतण्यानें रिकाम्या गाडीचे, भरल्या गाडीचे, घाटाच्या माथ्याचे आंकडे रोज लिहिले. हेडची उष्णता सपाटीवर ९० अंश, भरल्या गाडीनें घाटांत ९६. त्यापुढें कधीं नाहीं. म्हणून बझर १०८ वर लावला. आमच्या उंचीवर चुलीवरचें पाणी ९७ अंशांच्या सुमारास उकळतें. मग १०० च्या पुढें गेलें तरी रेडिएटरचें पाणी उकळत कसें नाहीं, असें घरांत सुनांनीं विचारलें. उत्तर त्यांच्याच ओट्यावर होतें. रेडिएटरचें झांकण कुकरच्या झांकणासारखें दाब धरून ठेवतें आणि दाबाखालीं पाणी उशिरा उकळतें. म्हणूनच गरम असतां तें झांकण उघडणें म्हणजे शिट्टी न काढतां कुकर उघडणें होय. कांटा चढला आणि पाणी आंत असेल तर थांबून इंजिन सावकाश चालूं द्यावें, म्हणजे पाणी फिरत राहून उष्णता उतरते. पाणी गेलें असेल तर त्याच क्षणीं बंद करावें.

कन्नडचा घाट उतरून चाळीसगांवकडे गेलें म्हणजे डोंगराच्या पायथ्याशीं पाटण नांवाचें गांव आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे देवगिरीच्या सिंघण यादवाचे ज्योतिषी. त्यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं पाटण येथें मठ स्थापिला. १२०७ च्या सुमाराचा तेथील शिलालेख तसें सांगतो. त्या ग्रंथांपैकीं सिद्धांतशिरोमणि हा ११५० सालचा. त्यांतील यंत्राध्यायांत आचार्य घटिकेपासून चक्रापर्यंत यंत्रें वर्णितात आणि बुद्धि हेंही एक यंत्र म्हणून गणतात, किंबहुना तिलाच श्रेष्ठ ठरवितात. मीं तो भाग एकेकाळीं मोठ्या हौसेनें वाचला होता. घाटांत तो मला आठवला नाहीं.

पौषाच्या अखेरीस पुन्हां त्याच गाडीनें येत होतों. मागें सिमेंट होतें. दुसऱ्या वळणावर पुतण्या म्हणाला, "काका, पहिला कांटा १०४ वर आहे. येथें ९६ असतो."

बझर वाजला नव्हता. तांबडा दिवा नव्हता. गाडीचा मूळचा कांटा मधोमध, स्वस्थ होता. अंधार पडत होता आणि घरीं सारे जेवणासाठीं खोळंबले होते.

"तुला काय वाटतें?" मीं विचारलें.

"थांबावें."

आम्ही कडेला थांबलों. इंजिन सावकाश चालूं ठेवून त्यानें समोरची जाळी पाहिली. मक्याच्या मळणीचा भुसा आणि धूळ यांनीं रेडिएटर अर्धा लिंपला गेला होता. इंजिन निवल्यावर बंद करून त्यानें तो कुंच्यानें झाडला. मी हातांत बॅटरी धरून उभा होतों. अर्धा तास गेला. घरीं पोंचलों तेव्हां बंधू अंगणांतच होते. त्यांनीं विचारलें, "उशीर कां झाला?"

मीं म्हटलें, "याला विचार."