पिलांवरची मरळ

राहुरीच्या पंचक्रोशीत मुळा नदीच्या माशांची गोष्ट निघाली की मरळीचे नाव आल्यावाचून राहत नाही. काटे कमी, मांस घट्ट आणि बाजारात पोहोचेपर्यंत जिवंत, म्हणून तिला भावही चांगला येतो. परंतु ज्या गुणामुळे ही जात नदीत टिकून राहिली, त्याच गुणाचा फायदा घेऊन तिला मारण्याची रीत आपल्याकडे आहे. ती सोडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मरळ हवेत श्वास घेते. कल्ल्यांच्या वर डोक्यात एक पोकळी असते. पाण्यावर येऊन घेतलेली हवा तीत साठते. त्यामुळे उन्हाळ्यात नदीचे पात्र आटून डोह तेवढे उरले आणि इतर मासे गुदमरून उताणे पडले, तरी मरळ तग धरते. उलट, तिला जाळ्यात पाण्याखाली अडकवून ठेवले तर ती चक्क बुडून मरते!

पावसाळ्याच्या सुमारास नर व मादी संथ, उथळ पाण्यातील वनस्पती बाजूस सारून जागा मोकळी करतात. अंड्यांत तेलाचा थेंब असल्याने ती वर तरंगतात. कटला, रोहू हे मासे लाखो अंडी टाकून निघून जातात. मरळीची अंडी त्या मानाने फार थोडी, म्हणून पहारा आला. पिले नारिंगी रंगाची. त्यांची झुंड हवा घेण्यास वर आली की तेवढ्याच जागी पावसाचे थेंब पडत असल्याचा भास होतो. खाली आईबाप असतात. पिले बोटाएवढी होईपर्यंत ते त्यांना सोडीत नाहीत.

ही खूण मासे धरणारालाही ठाऊक असते. झुंडीजवळ गळ टाकला की राखण करणारी मरळ भुकेने नव्हे, तर रागाने त्यावर झडप घालते. अशा एका मरळीचे कालवण मीही पूर्वी आवडीने खाल्ले आहे. दुसऱ्या दिवशी त्याच डोहावर गेलो, तेव्हा झुंड विस्कटलेली होती आणि काठावर बगळे ओळीने उभे होते. एका माशाच्या मोलात सारी वीण गेली होती.

कोणी म्हणेल, मरळ हिंस्र आहे, ती कटला-रोहूची बोटुकली खाते. खरे आहे. शेततळ्यात मत्स्यबीज सोडावयाचे असेल तर मरळ तेथे नकोच. पाणी घेताना तोंडाशी बारीक जाळी बांधावी आणि आत शिरलेली मरळ वेचून काढावी. मात्र तळ्याचा हा नियम नदीला लावू नये. अमेरिकेतील फ्लोरिडात कोणीतरी सोडलेली मरळ २००० साली प्रथम आढळली. तेथे ती परकी, म्हणून उपद्रवी ठरली आहे. मुळेत ती घरची आहे. येथील लहान मासे, बेडूक व किडे तिच्यासोबतच नांदत आले आहेत.

मासेमारी बंद करा, असे मी म्हणत नाही; तिच्यावर कुटुंबे चालतात. एरवी मोठी मरळ खुशाल धरावी. केवळ झुंड दिसते त्या काठावर पिले बोटाएवढी होईतो गळ टाकू नये, एवढेच मागणे आहे. सुरुंग व विष यांविषयी तर बोलावयासच नको. १८९७ सालच्या मत्स्य कायद्यानेच तो गुन्हा ठरविला होता.

बारागाव नांदूरच्या धरणाखाली ज्या गावांना डोह आहेत, तेथील कार्यकर्त्यांनी मृग लागण्यापूर्वी मासे धरणाऱ्या मंडळींस एकदा काठावरच एकत्र बसवावे. झुंड कोठे दिसते हे त्यांनाच विचारावे. आपल्यापेक्षा त्यांस ते अधिक ठाऊक असते.