उर्दूचा फोटो नको, मजकूर हवा

मोहल्ल्यातली सूचना असो, जलशाची पत्रिका असो की शाळेच्या गॅदरिंगचे निमंत्रण, बऱ्याचदा मराठी मजकूर टाइप केलेला असतो आणि उर्दूचा मात्र फोटो चिकटवलेला असतो. कारण विचारले तर उत्तर ठरलेले: एडिटरमध्ये उर्दू बिघडते. कंस उलटे होतात, शेवटचे उद्गारचिन्ह सुरुवातीला जाऊन बसते, मधल्या मराठी शब्दाभोवती वाक्य विस्कटते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझ्या मते यात दोष उर्दूचा नाही आणि बहुतेक वेळा एडिटरचाही नाही. परिच्छेदाची दिशा कोणी सांगितलेलीच नसते.

फाइलमध्ये अक्षरे वाचनाच्या क्रमानेच साठवलेली असतात. पडद्यावर कोणते कुठे दिसावे, हे युनिकोडचे नियम ठरवतात. उर्दू अक्षरांची दिशा पक्की, देवनागरीचीही पक्की. कंस आणि उद्गारचिन्ह यांना स्वतःची दिशा नसते. ती शेजारची अक्षरे आणि परिच्छेद पाहून जागा घेतात. दिशा सांगितली नसेल तर अनेक एडिटर पक्क्या दिशेचे पहिले अक्षर पाहून ती ठरवतात. युनिकोडमध्ये देवनागरी आकडासुद्धा पक्क्या दिशेचा आहे, इंग्रजी आकडा नाही. म्हणून उर्दू यादीला १, २, ३ असे क्रमांक दिले की ओळी डावीकडून सुरू होतात.

उपाय सोपे आहेत. नोटपॅडमध्ये राइट क्लिक करून उजवीकडून डावीकडे वाचनाचा पर्याय निवडा. वेबपानावर प्रत्येक उर्दू परिच्छेदाला दिशा द्या. वाक्याच्या शेवटी इंग्रजी टिंब न देता उर्दूचा स्वतःचा पूर्णविराम द्या. त्याची दिशा पक्की असल्याने तो पळत नाही. उद्गारचिन्ह तरीही पळाले, तर त्यामागे ‘आरएलएम’ हे अदृश्य चिन्ह टाका. इमॅक्स २०१२ पासून, म्हणजे २४व्या आवृत्तीपासून, दोन्ही दिशा सांभाळतो. विममधला ‘राइटलेफ्ट’ पर्याय मात्र मिश्र मजकुराला चालत नाही, कारण तो मराठीसकट सगळी खिडकी उलटवतो.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. नीट दिसावे म्हणून अक्षरे उलट्या क्रमाने टाइप करू नका. तोच मजकूर दुसरीकडे नेला की वाचता येणार नाही आणि शोधात सापडणारही नाही.

फोटोचेही तेच होते. त्यातला शब्द शोधता येत नाही, ओळ कॉपी करता येत नाही, अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला तिथे मजकूर मिळत नाही. दहा वर्षांनी कोणी आपल्या वस्तीचे, आपल्या संघटनांचे कागद शोधू लागला, तर त्याला फक्त मराठी बाजू सापडेल. उर्दूत आपण काही लिहिलेच नाही, असे त्याला वाटेल.

पुढची सूचना तुमच्याकडे टाइप करायला आली, तर पाच मिनिटे जास्त द्या. उर्दूही अक्षरांतच लिहा.