चाकाचा नट किती आवळायचा?

मित्रांनो, नट जितका घट्ट तितकं काम पक्कं, असं आपल्याला वाटतं ना? पण जुन्या ट्रकच्या पुढच्या चाकात असा एक नट असतो, की तो फार आवळला तर चाकच धोक्यात येतं! आज त्याचीच गंमत पाहू.

जुन्या ट्रकमध्ये इंजिनाचा जोर सहसा मागच्या चाकांना मिळतो. पुढची चाकं नुसती फिरतात आणि वळतात. ती एका जाड पोलादी दांड्यावर बसवलेली असतात. दांडा जागच्या जागी, चाक मात्र गरागरा! लोखंडावर लोखंड घासून झिजू नये म्हणून मध्ये दोन बेअरिंग असतात. आतलं मोठं, बाहेरचं लहान.

या बेअरिंगमध्ये गोळ्या नसतात, तर एका बाजूला निमुळते होत गेलेले छोटे रोलर असतात. निमुळते कशाला? तर ट्रकचं वजन वरून येतं आणि घाटातल्या वळणावर बाजूनंही रेटा बसतो. तिरके बसवलेले निमुळते रोलर दोन्ही पेलतात. अमेरिकेत घोडागाड्या बनवणारे हेन्री टिमकन यांनी आपल्या भाच्याबरोबर अशा बेअरिंगचं पेटंट १८९८ साली घेतलं.

अनेक ट्रकमालक या बेअरिंगची साफसफाई घरच्या अंगणातच करतात. आधी ट्रक सपाट, टणक जागी उभा करायचा. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावायचे. जॅकनं ट्रक उचलला, की लगेच खाली भक्कम स्टँड द्यायचे. नुसत्या जॅकच्या भरवशावर राहायचं नाही. हे काम मोठ्यांचं बरं का! तुम्ही लांबून पाहा, पण उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

चाक काढलं, की मधली टोपी, मग स्प्लिट पिन, मग नट आणि शेवटी बेअरिंग बाहेर येतं. ते डिझेलमध्ये धुऊन, वाळवून नीट निरखायचं. रोलरवर खड्डे पडलेत? उष्णतेनं निळसर झालेत? मग बेअरिंग बदलायचं, आणि हबमध्ये बसलेली त्याची बाहेरची कडीसुद्धा. जुन्या कडीत नवे रोलर घातले तर तेही लवकर खराब होतात.

आता ग्रीस. वरवर चोपडून भागत नाही. तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेअरिंगची रुंद कड त्यात दाबत राहायची. ग्रीस रोलरांच्या मधून वर आलं, की समजायचं, पोट भरलं! जुनं ग्रीस पुसून टाकायचं आणि आतलं सील नवं बसवायचं, नाहीतर ग्रीस ब्रेकवर येतं.

आणि आता तो नट! आधी चाक हातानं फिरवत फिरवत नट आवळायचा, म्हणजे रोलर आपापल्या जागी बसतात. मग नट सैल करायचा आणि पुन्हा अगदी हलक्या हातानं लावायचा. नेमका किती, ते त्या गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. पिनचं भोक जुळलं नाही तर सहसा नट किंचित सोडतात, आवळत नाहीत. पिन मात्र नवीच!

असं का? चालताना बेअरिंग तापतं आणि धातू फुगतो. फुगायला जागाच नसेल तर रोलर जाम होतात, ग्रीस जळतं आणि भरधाव गाडीचं चाक निखळूही शकतं. नट फार सैल असेल तर चाक डगमगतं. म्हणून काम झाल्यावर ट्रक थोडं अंतर चालवून हब तपासतात. कोमट असेल तर ठीक. हात जवळ नेताच चटका जाणवला, तर काहीतरी चुकलंय.

आता तुमच्यासाठी प्रयोग. डब्याच्या सपाट झाकणात एकसारख्या गोट्या पसरा. त्यावर जाड पुस्तक ठेवून फिरवा. मग गोट्या काढून तेच पुस्तक नुसत्या झाकणावर फिरवा. फरक कळला? मग सायकलकडे वळा. पुढचं चाक उचलून बाजूला हलवून पाहा, मग फिरवून कान द्या. खडखडतंय की खरखरतंय? काहीही असलं तर बाबांना किंवा सायकलवाल्या काकांना आजच सांगा!