मतं फोडली कुणी?

निकालाच्या रात्री चौकात एक कार्यकर्ता आमच्या अंगावर आला. "तुम्ही मतं फोडली! अपक्ष उभं राहून काय मिळवलं? ताईचं डिपॉझिट गेलं अन् आपला माणूस पडला." बोलणारा आपल्यातलाच. खिशात बाबासाहेबांचा फोटो, गळ्यात पक्षाचं उपरणं, डोळ्यापुढं महामंडळ.

आपला माणूस! कुणाचा रे आपला?

ताई आमच्या पुण्यातल्या वस्तीतली. आईनं जन्मभर महापालिकेचा झाडू मारला. २०२२ पासून पुण्यात नगरसेवकच नव्हते, प्रशासक बसला होता. संडास तुंबला की बाया कुणाकडं जायच्या? ताईकडं. ती चौघींना घेऊन क्षेत्रीय कार्यालयात जायची अन् साहेबाच्या टेबलावर हात आपटायची. २०१७ नंतर थेट २०२६ च्या जानेवारीत निवडणूक लागली, तेव्हा वस्तीनं विहारात बसून ठरवलं, हिलाच उभं करायचं. तिकिटासाठी कुणाच्या बंगल्याची पायरी चढायची नाही.

आणि तो "आपला माणूस"? तो वस्तीत राहत नाही. आमच्या नळाला पाणी किती वाजता येतं ते त्याला ठाऊक नाही. राखीव जागेसाठी पक्षाला दोनच गोष्टी लागतात : जातीचा दाखला आणि वाकलेली मान. त्याच्यापाशी दोन्ही होत्या.

आता फोडाफोडीचं बोलू. पुण्यात २००२ ला तीन नगरसेवकांचा प्रभाग, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोघांचा, २०१७ ला चौघांचा. २०२१ मध्ये एका सरकारनं पुन्हा तीन केले, २०२२ मध्ये दुसरं आलं, त्यानं परत चार केले. ज्याच्या हाती मंत्रालय त्याच्या हाती कात्री. चौघांचा प्रभाग म्हणजे पाऊण लाखाच्या वर माणूस. आमची वस्ती, पलीकडच्या सोसायट्या, त्यापलीकडचे बंगले, सगळं एका पोत्यात. एकाच्या वॉर्डात वस्ती एक झाली तर भल्याभल्याला घाम फुटतो. पाऊण लाखात तीच वस्ती मिठासारखी विरते.

वर मशीन. अ, ब, क, ड, चार जागांची चार बटणं. पक्षवाला सांगून मोकळा : चारही ठिकाणी एकच चिन्ह शोधा. अपक्षानं काय सांगायचं? अ ला आमचं दाबा, बाकी तीन तुमचं तुम्ही बघा? म्हातारीला हे शिकवेपर्यंत प्रचार संपतो. अन् चिन्ह हाती आलं तेव्हा मतदानाला दोन आठवडेही उरले नव्हते.

येरवड्याचा तुरुंग याच शहरात. २४ सप्टेंबर १९३२ ला तिथं पुणे करार झाला. गांधींच्या उपोषणापायी आपले स्वतंत्र मतदारसंघ गेले, हे पोरासोरांना पाठ आहे. पण त्या करारात आणखी एक कलम होतं, ते कुणी सांगत नाही. राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी मतं देऊन चार उमेदवार निवडायचे, मग त्या चारांतला एक सगळ्यांनी मिळून. शेवटचा शब्द त्यांचा असेल, पण पहिला आपला होता. ते कलम मुदतीचं होतं, राज्यघटनेत आलं नाही. राहिली नुसती राखीव जागा, मतं सगळ्यांची. तसल्या जागेवर खुद्द बाबासाहेब १९५२ ला उत्तर मुंबईत पडले, १९५४ ला भंडाऱ्यात पडले. तेव्हा कुणाची मतं फोडली होती त्यांनी?

तेव्हाचं पॅनेल चारचं, आपण निवडलेलं. आजचंही चारचंच, पक्षाच्या छापखान्यातून आलेलं. विहारात बसून आम्ही ताईचं नाव ठरवलं, तेव्हा तो गेलेला पहिला शब्द एका रात्रीपुरता परत घेतला होता. एवढाच आमचा गुन्हा.

पण अपक्ष म्हटलं की सगळेच धुतल्या तांदळासारखे नसतात, हेही बोलतो. आपल्याच वस्त्यांत पाकीट घेऊन उभे राहणारे आहेत, पाकीट घेऊन माघार घेणारे आहेत. सारख्या नावाचा माणूस शोधून उभा करतात, तोही अपक्षच! निवडून आल्यावर अपक्ष पक्षात गेला तर पद जातं, असा महाराष्ट्राचा १९८६ चा कायदा आहे. म्हणून शहाणे आत जातच नाहीत, बाहेरून "विकासासाठी पाठिंबा" देतात. भाव तोच, पावती नाही. आमच्याकडंही माघारीच्या आदल्या रात्री एकजण आला होता. ताईनं त्याला चहा पाजला अन् सगळ्या गल्लीला हाक मारून त्याच्यासमोर उभं केलं. अर्धा कप टाकून पळाला बेटा.

म्हणून आमचा हिशेब विहाराच्या भिंतीवर लावलाय. कुणी पन्नास दिले, कुणी एका दिवसाची मजुरी. पत्रकं, रिक्षा, भोंगा, चहा, डिपॉझिट, सगळं लिहिलंय. मतं फोडली म्हणणाऱ्यानं त्याशेजारी आपल्या पक्षाचा हिशेब आणून चिकटवावा. खळ आम्ही देऊ.

बाकी सोमवारी अकरा वाजता क्षेत्रीय कार्यालयात जायचंय. बायकांच्या संडासाला तीन महिने दार नाही. निवडून आलेले चौघं आले तर बरंच आहे. ताई येणार आहे.